टेबलावरची जागा

९ जून १९८८

ती. मावशी,

आधी पाया पडते आणि लगेच मुद्द्यावर येते, कारण पाल्हाळ लावलं की तू पत्र बाजूला ठेवतेस असं आई म्हणते.

मला टेबलावर घेतायत!

तुला यातलं काही कळणार नाही, म्हणून सांगते. चहाच्या कंपनीत मी लागले ती कप मांडायला. खिडकीशेजारच्या लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग लावायची, प्रत्येकात सारखी पत्ती घालायची, सारखं उकळतं पाणी ओतायचं आणि बाजूला व्हायचं. मग टेस्टर येतात. ओल्या पत्तीत पार नाक खुपसून एकदम जोरात वास ओढतात, चमचाभर चहा असा भुरकतात की अख्ख्या खोलीला ऐकू जावं, तोंडात घोळवतात, थुंकतात आणि पुढच्या कपाकडे सरकतात. कुठल्या मळ्याचा चहा घ्यायचा, कुठला परत पाठवायचा, कशात काय मिसळायचं, हे सगळं तिथे ठरतं. आमच्या मुख्य टेस्टरचा भुरका सगळ्यांत मोठा, म्हणून ते भुरकेसाहेब. खरं आडनाव फक्त पगारपत्रकाला माहीत असेल.

दुपारी टेस्टर उठले की भुरकेसाहेब मला बोलावतात. थंड झालेले कप पुढे सरकवतात आणि विचारतात, काय दिसलं? दिसलं म्हणतात, लागलं नाही. मी सांगते. हा ओल्या पोत्याजवळ ठेवला होता. हा घाईत वाळवलाय. याला नव्या लाकडी खणाचा वास आहे, आणि हा पाऊस पडून गेल्यावर तापलेल्या रस्त्यासारखा. साहेब हसतात आणि त्यांच्या कागदाशी ताडून बघतात. गेल्या आठवड्यात ते हसले नाहीत. सरळ मोठ्या साहेबांकडे गेले आणि म्हणाले, या मुलीला टेबलावर बसवा.

अडचण एकच. पुढच्या वर्षापासून टेबलावर पदवीधरच घ्यायचे असा नियम होतोय. पण जे आधी बसलेत त्यांना धक्का लागणार नाही, असं मोठ्या साहेबांनी भुरकेसाहेबांना तोंडी सांगितलंय. म्हणजे बसायचं तर आत्ताच.

आई म्हणाली, मावशीला विचार. ती हो म्हणाली तर माझं हो. म्हणून विचारतेय. हो म्हण ना गं.

तुझी ठमी


१५ जून १९८८

ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहीत बसत नाही.

माझं उत्तर नाही असं आहे. कारणं देते, म्हणजे तुला माझ्यावर नीट रागावता येईल.

तुझी आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. तिच्यासारखी ऑपरेटर तिथे दुसरी नव्हती, हे तिचे वरिष्ठच सांगायचे. यंत्रं आली तेव्हा जुन्यांना धक्का लागणार नाही असं तिलाही तोंडीच सांगितलं होतं. पुढे साहेब बदलला. पदवी असलेल्या दोघींना वरच्या मजल्यावर कारकुनी मिळाली आणि तुझ्या आईला घड्याळ भेट मिळालं. ते अजून भिंतीवर आहे, विचार तिला.

माझंच सांगते. आमच्या शाळेत माझ्यापेक्षा चांगलं गणित शिकवणाऱ्या एक बाई होत्या. पदवी नव्हती, म्हणून त्या जन्मभर खालच्या वर्गांना राहिल्या आणि मुख्याध्यापिका मी झाले. ते न्यायाचं होतं असं मी म्हणत नाही. तसं झालं, एवढंच म्हणते.

तुझे भुरकेसाहेब दोन वर्षांत निवृत्त होतील. ते गेल्यावर तुझं नाक किती तेज आहे हे कोणाला सांगत बसशील? पदवी असली की सांगावं लागत नाही. कपांचं काम चालू ठेव, संध्याकाळच्या कॉलेजात नाव घाल आणि पदवी घेऊन मग बस टेबलावर. तेव्हा तुला कोणी उठवू शकणार नाही.

आणि पदवी विज्ञानाची. भाषा घेते म्हणशील, मी तुला ओळखते. गोष्टी वाचायला कॉलेज लागत नाही. रसायनशास्त्र शिकलेली मुलगी चहाच्या कंपनीला नाकारता येणार नाही. तिथल्या प्राचार्या माझ्या विद्यार्थिनी आहेत. त्यांना आजच लिहिलंय.

मावशी


२ जुलै १९८८

ती. मावशी,

नाव घातलं. विज्ञान शाखा, संध्याकाळचे वर्ग. झालं समाधान?

आई दोन दिवस घड्याळाकडे बघत होती. मग म्हणाली, तुझी मावशी बोलते तिखट, पण चुकत नाही. त्यानंतर माझं काय चालणार?

मग भुरकेसाहेबांना सांगायला गेले. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि कोणी ठरवलं ते विचारलं. मी म्हटलं, मावशीने. त्यांनी विचारलं, त्या चहा कसा पितात? मी खरं तेच सांगितलं, की तू तासभर उकळतेस आणि वर साखर घालतेस. साहेब म्हणाले, "मग त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही." आणि पुढच्या कपाकडे वळले.

थोड्या वेळाने मात्र जवळ येऊन हळूच म्हणाले की त्यांना कोणी पदवी विचारली नव्हती, पण तो काळ वेगळा होता. "तुझ्या मावशीचंही बरोबर असेल," असं म्हणाले. दुपारचे कप चालू राहणार आहेत. मी नाराज आहे, पण भांडत नाही. तीन वर्षं काय, जातील.

तुझी ठमी


११ फेब्रुवारी १९८९

ती. मावशी,

तुला गंमत सांगते. मला कॉलेज आवडायला लागलंय. भुरकेसाहेबांना सांगू नकोस, म्हणजे तू सांगणार नाहीसच.

वर्गातल्या तासांना झोप येते, पण प्रयोगशाळा म्हणजे माझं राज्य आहे. बाटल्या जुन्या आहेत, निम्म्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्यात. बाकीच्या मुली ही कोणती, ती कोणती करत बसतात. मी बूच काढते, वास घेते आणि सांगते. हे व्हिनेगरचं आम्ल. हे स्पिरिट, आणि कोणीतरी त्यात पाणी घातलंय. एकदाही चुकले नाही. आता सगळ्या टेबलांवरून हाका येतात. तिथे माझं नाव 'मांजर' पडलंय.

आमच्या शिकवणाऱ्या बाई रागावतात. बाटली लांब धरायची, हाताने हवा नाकाकडे वळवायची आणि थोडासाच वास घ्यायचा, अशी तिथली पद्धत. मला ते जमतच नाही. कपात नाक घालायची सवय, हात आपोआप जवळ येतो. आणि लांबून वास घेणं म्हणजे दाराबाहेर उभं राहून गप्पा मारल्यासारखं आहे.

आज नव्या हंगामाची पहिली पत्ती आली. कप ओतला आणि खोलीत कोणीतरी हिरवं सफरचंद कापल्यासारखं झालं. भुरकेसाहेबांनीही डोळे मिटले होते.

पहिल्या सहामाहीत प्रयोगात पहिली आलेय.

तुझी मांजर


२० फेब्रुवारी १९८९

ठमे,

प्रयोगात पहिली आलीस, उत्तम. बाईंचं ऐकत जा, त्या काही उगीच सांगत नसतात. पण तुझ्या नाकाचा कॉलेजातही उपयोग होतोय याचा मला आनंद झाला. एकाच गुणावर दोन्हीकडे पुढे जाता येतं, हे तुलाच कळत नव्हतं.

सफरचंदाचं वर्णन ठीक आहे, पण पत्राचा अर्धा भाग वासांनी भरू नये. जरा मोजकं लिहायला शीक.

मावशी


४ डिसेंबर १९८९

ती. मावशी,

बरेच महिने पत्र नाही, रागावू नकोस. मध्ये सर्दी झाली होती, ती लांबली. आता बरी आहे.

अभ्यास चालू आहे. कंपनीतही सगळं ठीक. दुपारी चव घ्यायला थांबत नाही, परीक्षा जवळ आलीय. भुरकेसाहेब पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होतायत.

थंडी आहे. आई बरी आहे.

तुझी ठमी


१३ डिसेंबर १९८९

ठमे,

पत्र मिळालं. लहान आहे पण नेटकं. सगळं आलं आणि एक शब्द जास्त नाही. शिक्षणाने माणूस असा आटोपशीर होतो. मी हे मुद्दाम कळवतेय, कारण माझ्याकडून कौतुक येत नाही अशी तुझी तक्रार असते.

तुझ्या आईचंही पत्र आलं. तू शेगडीजवळ पुस्तक घेऊन बसली होतीस, दूध उतू गेलं, पातेलं करपलं, स्वयंपाकघर धुराने भरलं आणि तुझी मान वर झाली नाही म्हणे. बाहेरून शेजारीण ओरडत आली. आईने ते काळजीने लिहिलंय. मला मात्र बरं वाटलं. अभ्यासात बुडणं म्हणतात ते हेच. मी तुझ्या वयाची असताना माझी वेणी दिव्यावर जळली होती.

दुपारचं चव घेणं बंद केलंस हे योग्यच. टेबल कुठे जात नाही.

मावशी


१७ जून १९९१

ती. मावशी,

निकाल लागला. पहिला वर्ग मिळाला.

कंपनीने टेबलावर नेमणूक केली आहे. पत्र हातात आलंय. एक तारखेपासून बसायचं.

तुला हवं होतं तसं झालं.

ठमी


२३ जून १९९१

माझे गुणी पोरी,

तार करणार होते, पण तारेत मावलं नसतं. पत्र हातात घेऊन मी थेट शेजारी गेले आणि तिथल्या तिघीजणींना बोलावून आणलं. त्यांना चहा पाजला. एकीने विचारलं, चहा पिण्याची नोकरी असते का? मी तिला सगळं समजावलं. कप, चमचा, थुंकणं, सगळं. तू लिहिलं होतंस ते मला तोंडपाठ आहे. एवढं माझ्या लक्षात आहे हे मलाच माहीत नव्हतं.

आता एक हट्ट. पहिल्या दिवशीच्या चहाबद्दल मला लिही. मोजकं नको. पूर्वी लिहायचीस तसं सगळं लिही, पोतं आणि रस्ता आणि काय काय. मी बाजूला ठेवणार नाही.

मावशी


२९ ऑगस्ट १९९१

ती. मावशी,

तू मागितलंस तसं पत्र लिहायला दोन महिने बसतेय. ते लिहिता येणार नाही. त्याऐवजी हे लिहिते.

मला वास येत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये झालं. चिठ्ठी नसलेली एक मोठी बाटली कपाटात मागे सापडली. मुलींनी हाक मारली, मांजरे, ही कोणती? मी बूच काढलं आणि टेबलावर करतो तसं केलं. नाक बाटलीच्या तोंडाशी नेलं आणि जोरात ओढलं. तीव्र अमोनिया होता. डोक्यात पांढरं काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि मी खाली बसले. घरी सर्दी म्हणून सांगितलं. नाकातून आठवडाभर रक्त येत होतं, ते थांबलं. वास परत आला नाही. दोन डॉक्टर झाले. पहिला म्हणाला येईल, दीड-दोन वर्षं लागतील. दुसऱ्याने तसं म्हटलं नाही.

जिभेला कडू कळतं, तुरट कळतं, गोड कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते सगळं नाकाचंच असतं गं. हे मला टेबलावर कोणी शिकवायची गरज पडली नाही.

भुरकेसाहेबांना कळलं होतं. मी दुपारची थांबेनाशी झाले तेव्हा त्यांनी एकदा मला अडवलं आणि एक कप पुढे केला. काय दिसलं? मी म्हटलं, छान आहे, ताजा आहे. त्यांनी कप उचलला आणि स्वतः जाऊन धुऊन ठेवला. साहेब कधी कप धूत नाहीत. नंतर माझ्याबरोबर कप मांडणाऱ्या मुलीने सांगितलं, तो मुद्दाम करपवलेला होता. मार्चमध्ये ते गेले, तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे झाले.

मग मी टेबलावर बसले तरी का, असं तू विचारशील. डॉक्टरने दिलेली मुदत अजून संपली नव्हती, म्हणून. आणि तुझं ते शेजारणींचं पत्र आल्यावर नाही कसं म्हणायचं ते मला सुचलं नाही. रंगावरून आणि शेजारी बसणाऱ्याच्या चेहऱ्यावरून पंधरवडा काढला. मग रॉकेलच्या डब्यांशेजारून आलेला एक माल मी चांगला म्हणून पुढे जाऊ दिला. सगळा परत आला. त्या दिवशी मी मोठ्या साहेबांकडे जाऊन खरं ते सांगितलं.

त्यांनी काढलं नाही. म्हणाले, पदवीधर आहात, निर्यात विभागात जागा आहे, पत्रव्यवहार सांभाळा. खुर्ची चांगली आहे, खिडकी आहे, पगार टेबलापेक्षा थोडा जास्तच आहे. पदवी नसती तर मी त्या दिवशी घरी आले असते. म्हणजे तू बरोबरच होतीस.

आईला अजून सांगितलेलं नाही.

तुझी ठमी


१० सप्टेंबर १९९१

ठमे,

इथे नाकाच्या विकारांचे एक डॉक्टर आहेत. त्यांच्या पत्नी माझ्या विद्यार्थिनी. तू सुट्टी काढून ये. दोन डॉक्टर झाले म्हणतेस, तिसऱ्याला दाखवायला काही बिघडत नाही.

आईला तू सांग, नाहीतर मी सांगते. तिला आधीच शंका होती. दूध करपलं तेव्हा तिने मला कौतुकाने किंवा तक्रार म्हणून लिहिलं नव्हतं. पोरीला धूर कसा कळला नाही, असं सरळ विचारलं होतं. मी तिला उत्तर दिलं की पोरगी अभ्यास करतेय, तू मध्ये येऊ नकोस. ती आली नाही. ती माझं ऐकते.

मी बरोबर होते असं मला पुन्हा लिहू नकोस.

कोणत्या गाडीने येतेस ते कळव. मी न्यायला येईन.

मावशी


६ मे १९९३

ती. मावशी,

आईचे गुडघे बरे आहेत. तुझ्या डॉक्टरांची औषधं मी मार्चपासून बंद केली. त्यांनीच सांगितलं, आता पुरे. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांनी मनापासून केलं.

मी आता विभागाची उपव्यवस्थापक झालेय. दारावर पाटी लागलीय, नावापुढे पदवी आहे. आई बघून गेली. पाटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, छान रंगवलीय.

तुला विचारायचंय ते वेगळंच आहे. कप मांडायला एक मुलगी लागलीय. बारावी झालेली. वडील गेलेत, घरात धाकटी भावंडं. नव्या मुख्य टेस्टरांनी तिला दुपारी कप दिले आणि ते अस्वस्थ होऊन माझ्याकडे आले. असं नाक त्यांनी पाहिलेलं नाही म्हणे. मी काय बोलणार? त्यांना ती टेबलावर हवीय. नियम आड येतो. पण एका अधिकाऱ्याने लेखी जबाबदारी घेतली तर नियमाला अपवाद करता येतो, आणि मोठे साहेब म्हणाले की ती सही मी करावी, किंवा मुलीला समजावून कॉलेजात पाठवावं. मी नोकरी करून शिकले, तेव्हा मला जास्त कळतं असं त्यांना वाटतं.

मुलगी काल माझ्यासमोर उभी होती. "मॅडम, आत्ता बसू की आधी पदवी घेऊ? तुम्ही सांगाल तसं करते," असं म्हणाली. मी सतरा तारखेला सांगते म्हटलं.

सही करणं माझ्या हातात आहे, न करणंही. मावशी, मी काय सांगू तिला? तुला विचारल्याशिवाय मी आजवर काही ठरवलेलं नाही.

तुझी ठमी


११ मे १९९३

ठमे,

सतरा तारखेच्या आत मिळावं म्हणून लगेच लिहितेय.

तुझं पत्र आल्यापासून मी हे उदाहरण सोडवते आहे. नियम आहे. साहेब बदलतात. नवे टेस्टरही कधीतरी जातील. तुझ्या सहीवर ती आज बसेल, उद्या तुझी बदली होईल आणि कोणीतरी तिला विचारेल, शिक्षण किती? घरात भावंडं आहेत, म्हणजे तिला उठवलं तर चार तोंडं उपाशी राहतील. सगळ्या बाजूंनी मांडून पाहिलं. दर वेळी उत्तर एकच येतं: तिने आधी पदवी घ्यावी.

तुझ्या वेळीही हेच उत्तर आलं होतं. मी तेव्हाची प्रत्येक पायरी पुन्हा तपासली. मला चूक सापडत नाही. सापडली असती तर फार बरं झालं असतं. मी ती खोडली असती आणि तुला दुसरं काहीतरी सांगितलं असतं.

म्हणून या वेळी मी काही सांगत नाही. त्या मुलीला मी पाहिलेलं नाही. तुलाही मी तेव्हा टेबलाशी उभी पाहिलं नव्हतं.

तिला काय सांगायचं ते तू ठरव. आणि काय सांगितलंस ते मला कळवू नकोस.

मावशी